सपाट ओळींतून झाड: कोशाची नोंद जेसनमध्ये कशी बांधायची

   

आजचा विषय तांत्रिक आहे. रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती सपाट टेबलांत असते. मोबाइल ॲपला किंवा वेबसाइटला मात्र ती एकात एक बसलेली, म्हणजे नेस्टेड, जेसनच्या रूपात हवी असते. सपाट ओळींपासून त्या झाडापर्यंत कसं जायचं, एवढाच प्रश्न आहे. ज्यांनी कधी सिलेक्ट आणि जॉइन लिहिलं आहे त्यांना आजचं सगळं समजेल. बाकीच्यांनी निदान गोष्ट म्हणून ऐका, कारण यात शब्द हरवतात आणि शब्द वाढतात, आणि दोन्ही वेळा कुणालाच कळत नाही.

उदाहरण म्हणून मी शब्दकोश घेतला आहे. म्हैसूरमध्ये बोलायचं तर दुसरं उदाहरण सुचणं कठीण. इथे मानसगंगोत्रीला भारतीय भाषा संस्थान आहे. १७ जुलै १९६९ रोजी ते सुरू झालं आणि देबीप्रसन्न पटनायक त्याचे पहिले संचालक होते. याच संस्थेचं पुण्यातलं केंद्र डेक्कन कॉलेजच्या आवारात आहे आणि तिथे इतर राज्यांतले शिक्षक मराठी शिकायला येतात. संस्थेचा भारतवाणी हा प्रकल्प २०१६ मध्ये लोकांसाठी खुला झाला. अनेक भाषांचे कोश एका ठिकाणी, संगणकावर आणि मोबाइलवर. मराठीपुरतं पाहिलं तर मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ ची, आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३० च्या दशकातला. हे कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. म्हणजे कागदावरचा कोश डेटाबेसमध्ये नेणं हे काल्पनिक काम नाही. आपल्याकडे ते चालू आहे, आणि बोलीभाषांचे अनेक कोश अजून त्या वाटेवर यायचे आहेत.

एक योगायोग सांगतो. म्हैसूरची संस्था सुरू झाली जुलै १९६९ मध्ये. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९६९ मध्ये, आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धतीवरचा पहिला अंतर्गत अहवाल लिहिला. १९७० मध्ये त्यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला. त्याआधीचे अनेक डेटाबेस म्हणजे झाडच होते. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांच्या याद्या सांभाळण्यासाठी तयार झालेली आयबीएमची आयएमएस ही व्यवस्था अशीच होती: एका भागाखाली उपभाग, त्याखाली आणखी उपभाग. कॉड यांचं म्हणणं असं की झाड साठवलं तर तुम्ही एका वाटेला बांधले जाता. वरून खाली जाणं सोपं, आडवं जाणं अवघड. म्हणून माहिती सपाट टेबलांत ठेवा, आणि हवा तो आकार विचारताना मागा.

कोशाला हे अगदी लागू पडतं. ‘हात’ या शब्दाखाली त्याचे अर्थ आणि वाक्प्रचार हवेत, हे एक झाड. पण उद्या कुणी म्हणेल, ‘मदत करणे’ या अर्थाचे सगळे वाक्प्रचार द्या, मग ते कुठल्याही शब्दाखाली असोत. हे दुसरं झाड. साठवणूक सपाट असेल तर दोन्ही झाडं काढता येतात. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: साठवायचं सपाट, द्यायचं झाड. नेस्टेड जेसन हा निकालाचा आकार आहे, साठवणुकीचा नाही.

आता आपला छोटा कोश बांधू. चार टेबलं. पहिलं ‘शब्द’: त्यात आयडी, शब्द आणि बोली. दुसरं ‘अर्थ’: त्यात शब्दाचा आयडी, क्रम आणि अर्थ. तिसरं ‘उदाहरण’: त्यात अर्थाचा आयडी आणि वाक्य. चौथं ‘वाक्प्रचार’: त्यात शब्दाचा आयडी, वाक्प्रचार आणि त्याचा अर्थ.

यात दोन शब्द घालू. एक ‘हात’. त्याचे तीन अर्थ: अवयव, लांबीचं माप, आणि पत्त्यांच्या खेळातला हात. पहिल्या अर्थाला दोन उदाहरणं, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला अजून एकही नाही. वाक्प्रचार चार: हात देणे, हात टेकणे, हात आखडता घेणे, हातावर तुरी देणे. दुसरा शब्द मालवणीतला, ‘चेडू’, म्हणजे मुलगी. त्याला एक अर्थ, एक उदाहरण, वाक्प्रचार अजून कुणी नोंदवलेला नाही.

ॲपला हवंय ते असं:

{
  "शब्द": "हात",
  "बोली": "प्रमाण",
  "अर्थ": [
    { "अर्थ": "खांद्यापासून बोटांपर्यंतचा अवयव",
      "उदाहरणं": ["हात धुऊन जेवायला बस.", "तिचा हात भाजला."] },
    { "अर्थ": "कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी",
      "उदाहरणं": ["दहा हात दोर लागेल."] },
    { "अर्थ": "पत्त्यांच्या खेळात जिंकलेली फेरी",
      "उदाहरणं": [] }
  ],
  "वाक्प्रचार": [
    { "वाक्प्रचार": "हात देणे", "अर्थ": "मदत करणे" },
    { "वाक्प्रचार": "हात टेकणे", "अर्थ": "हतबल होणे" },
    { "वाक्प्रचार": "हात आखडता घेणे", "अर्थ": "खर्चात काटकसर करणे" },
    { "वाक्प्रचार": "हातावर तुरी देणे", "अर्थ": "चकवून निसटणे" }
  ]
}

हे वैध जेसन आहे बरं का. किल्ल्या मराठीत असल्या तरी चालतात, फक्त मजकूर यूटीएफ-आठमध्ये हवा. संख्या मात्र इंग्रजी आकड्यांत लिहावी लागते. देवनागरी आकडे अवतरणचिन्हांत ठेवले तरच चालतात, आणि मग ती संख्या राहत नाही, मजकूर होतो.

आता हे मिळवायचं कसं? बहुतेक जण पहिल्यांदा जे लिहितात ते पाहू.

पहिली पद्धत: लूप फिरवायचा. आधी ५० शब्दांची यादी आणायची. मग प्रत्येक शब्दासाठी अर्थांची एक क्वेरी, वाक्प्रचारांची एक क्वेरी, आणि प्रत्येक अर्थासाठी उदाहरणांची एक क्वेरी. मोजा. एक अधिक ५० अधिक ५०. प्रत्येक शब्दाला सरासरी तीन अर्थ धरले तर आणखी १५०. एका पानासाठी २५१ क्वेऱ्या. डेटाबेस शेजारच्या मशीनवर असेल तर हे खपून जातं. पण प्रोग्राम म्हैसूरला आणि डेटाबेस मुंबईला असेल, आणि एका फेरीला २० मिलिसेकंद लागतात असं धरलं, तर नुसत्या ये-जा करण्यात पाच सेकंद गेले. क्वेरी वेगवान असूनही. किराणा आणायला जाताना एकेक जिन्नस आठवून २५१ वेळा दुकानात जाण्यासारखं आहे हे. दुकानदार चपळ असला तरी चालून चालून पाय दुखणारच.

यात आणखी एक धोका आहे, तो कमी बोलला जातो. या २५१ क्वेऱ्या चालू असताना संपादकानं ‘हात’चा एखादा अर्थ काढून टाकला, तर काही भाग जुना आणि काही नवा असा निकाल येऊ शकतो. पोस्टग्रेसमध्ये नेहमीच्या रीड कमिटेड पातळीवर प्रत्येक क्वेरी स्वतःपुरतं वेगळं चित्र पाहते. एकच क्वेरी लिहिली तर एकाच क्षणाचं चित्र मिळतं.

दुसरी पद्धत: सगळं एकदम जॉइन करायचं. शब्द, अर्थ, वाक्प्रचार, तिन्ही टेबलं एका क्वेरीत. एकच फेरी, म्हणून बरं वाटतं. पण ‘हात’च्या किती ओळी आल्या? तीन अर्थ, चार वाक्प्रचार, म्हणून बारा. का? कारण अर्थ आणि वाक्प्रचार यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. दोघांची ओळख फक्त ‘हात’मुळे. एकाच वाड्यात राहणारी दोन भाडेकरू कुटुंबं, आणि आपण मालकाच्या ओळखीवर त्या घरातल्या प्रत्येकाची या घरातल्या प्रत्येकाशी सोयरीक जुळवून टाकली. वाक्प्रचार मोजले तर बारा भरतात, आहेत मात्र चार.

आता यात उदाहरणंही जोडा. साध्या जॉइननं पुन्हा बाराच ओळी येतात. बघा गंमत. पहिल्या अर्थाची दोन उदाहरणं, दुसऱ्याचं एक, एकूण तीन, गुणिले चार वाक्प्रचार, बारा. आकडा तोच, पण पत्त्यांचा अर्थ पूर्ण गायब झाला, कारण त्याला उदाहरण नव्हतं. आकडा जुळला म्हणून निर्धास्त झालात तर फसलात. आणि ‘चेडू’? तिला वाक्प्रचार नाही, म्हणून ती या निकालात मुळातच नाही.

इथे जरा थांबू. कुठले शब्द गळतात ते पाहा. ज्यांच्याखाली भरपूर माहिती आहे ते गळत नाहीत. ‘हात’, ‘डोळा’, ‘पाणी’ राहतात. गळतात ते मालवणीतले, अहिराणीतले, वऱ्हाडीतले शब्द, ज्यांच्या नोंदी आत्ता कुठे सुरू झाल्या आहेत. त्यांच्या एखाद्या रकान्यात अजून काही भरलेलं नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. डेटाबेसमध्ये शब्द आहे. कुणीतरी तो गावात जाऊन ऐकला, तपासला, लिहिला. ॲपमध्ये शोधलं की ‘शब्द सापडला नाही’. चूक दाखवणारा लाल संदेश कुठेच नाही. आणि शिकणारा माणूस काय समजतो? असा शब्द मराठीत नाहीच. एका जॉइननं केलेला हा निवाडा आहे.

यावर लोक दोन उपाय करतात. एक, साध्या जॉइनऐवजी लेफ्ट जॉइन. मग ‘चेडू’ परत येते, पत्त्यांचा अर्थही येतो, पण ‘हात’च्या आता सोळा ओळी होतात. दुसरा उपाय, डिस्टिंक्ट लावायचं. म्हणजे आधी स्वतःच गुणाकार करायचा आणि मग पुसत बसायचं. त्यात खऱ्याखुऱ्या दोन सारख्या नोंदीही पुसल्या जातात. शिवाय पोस्टग्रेसमधल्या साध्या जेसन प्रकारावर डिस्टिंक्ट चालतच नाही, कारण दोन जेसन समान आहेत का हे ठरवण्याची सोय त्या प्रकाराला नाही. जेसनबी प्रकाराला आहे. पण मुद्दा तो नाही. डिस्टिंक्ट लावावंसं वाटलं की समजावं, वर कुठेतरी नको तो गुणाकार झाला आहे.

अशा सपाट निकालाची आणखी एक फजिती पानं पाडताना होते. तुम्ही म्हणालात, पहिल्या २० नोंदी द्या. लिमिट २० लावलं. डेटाबेसनं २० ओळी दिल्या, त्यातल्या सोळा एकट्या ‘हात’च्या. वाचणाऱ्याला पहिल्या पानावर दोन-तीनच शब्द दिसले, आणि शेवटचा अर्धवट तुटलेला. मोजायचे होते शब्द, मोजल्या ओळी.

मग बरोबर पद्धत कोणती? तत्त्व एका वाक्याचं आहे: प्रत्येक फांदी तिच्या खोडापाशी, वेगवेगळी गुंडाळायची. अर्थांची यादी स्वतंत्र कंसात करायची, वाक्प्रचारांची स्वतंत्र कंसात, आणि दोन्ही तयार याद्या शब्दाच्या ओळीला लावायच्या. अर्थ आणि वाक्प्रचार कधी समोरासमोर येतच नाहीत, मग गुणाकार कुठून होणार?

व्हिडिओत क्वेरी पडद्यावर आहे. पुस्तकाच्या वाचकांसाठी ती उच्चारानुसार देवनागरीत देतो. टाइप करताना एसक्यूएलचे शब्द अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगनं लिहायचे.

सिलेक्ट जेसन_बिल्ड_ऑब्जेक्ट(
  'शब्द', श.शब्द,
  'बोली', श.बोली,
  'अर्थ', कोअलेस((
    सिलेक्ट जेसन_ॲग(
      जेसन_बिल्ड_ऑब्जेक्ट(
        'अर्थ', अ.अर्थ,
        'उदाहरणं', कोअलेस((
          सिलेक्ट जेसन_ॲग(उ.वाक्य ऑर्डर बाय उ.आयडी)
          फ्रॉम उदाहरण उ
          व्हेअर उ.अर्थ_आयडी = अ.आयडी), '[]'))
      ऑर्डर बाय अ.क्रम)
    फ्रॉम अर्थ अ
    व्हेअर अ.शब्द_आयडी = श.आयडी), '[]'),
  'वाक्प्रचार', कोअलेस((
    सिलेक्ट जेसन_ॲग(
      जेसन_बिल्ड_ऑब्जेक्ट(
        'वाक्प्रचार', व.वाक्प्रचार,
        'अर्थ', व.अर्थ)
      ऑर्डर बाय व.आयडी)
    फ्रॉम वाक्प्रचार व
    व्हेअर व.शब्द_आयडी = श.आयडी), '[]'))
फ्रॉम शब्द श;

लांब दिसते, पण आतून बाहेर वाचा. सगळ्यात आतला कंस: या अर्थाची उदाहरणं गोळा कर. त्याच्या बाहेरचा: या शब्दाचे अर्थ गोळा कर, प्रत्येकात त्याची उदाहरणं ठेव. शेजारचा कंस: या शब्दाचे वाक्प्रचार गोळा कर. सगळ्यात बाहेर: शब्दामागे एक वस्तू तयार कर. क्वेरीचा आकार आणि जेसनचा आकार एकच आहे. जेसन बघून क्वेरी लिहिता येते, क्वेरी बघून जेसन ओळखता येतं.

दोनच फंक्शनं लागली. जेसन_बिल्ड_ऑब्जेक्ट एका ओळीची वस्तू करतं. जेसन_ॲग अनेक ओळींची यादी करतं. आणि एक सुंदर गोष्ट पाहा. ग्रुप बाय नसलेली ॲग्रिगेट क्वेरी नेहमी एकच ओळ देते, आत शून्य ओळी असल्या तरी. म्हणून ‘चेडू’ कधीच गळणार नाही. बाहेर फ्रॉममध्ये फक्त ‘शब्द’ हे टेबल आहे, म्हणून जितके शब्द तितक्याच ओळी. लिमिट २० म्हटलं की २० शब्दच येणार.

आता चार खाचखळगे.

पहिला, रिकामी यादी. जेसन_ॲगला एकही ओळ मिळाली नाही तर ते रिकामी यादी देत नाही, नल देतं. ॲपमध्ये कुणी त्या नलवर लूप फिरवला की ॲप कोसळतं, आणि तेही नेमकं ‘चेडू’ उघडल्यावर. म्हणून कोअलेस लावून रिकामा चौकोनी कंस द्यायचा. ‘वाक्प्रचार नाहीत’ हे उत्तर आहे, ‘माहीत नाही’ हे वेगळं उत्तर आहे. आणि लेफ्ट जॉइन करून वर जेसन_ॲग लावलंत तर तिसराच प्रकार होतो. यादीत एक वस्तू येते आणि तिच्या सगळ्या किल्ल्यांसमोर नल. ॲपला वाटतं एक वाक्प्रचार आहे, फक्त कोरा. तिथे फिल्टर लावून त्या ओळी वगळाव्या लागतात.

दुसरा, क्रम. ऑर्डर बाय नसेल तर अर्थ कुठल्या क्रमानं येतील याची हमी नाही. कोशात पहिला अर्थ पहिला असण्याला महत्त्व आहे. ‘हात’ शोधल्यावर आधी पत्ते दिसले तर शिकणारा गोंधळेल. पोस्टग्रेसमध्ये ऑर्डर बाय जेसन_ॲगच्या कंसात लिहिता येतं. मायएसक्यूएलच्या जेसन_ॲरेॲगमध्ये क्रमाची हमीच नाही, तिथे क्रमांक वस्तूतच पाठवून ॲपमध्ये लावणं सुरक्षित. मराठी शब्दांच्या क्रमाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. संगणकाच्या कोडनुसार लावलं तर ‘क्ष’ हा ‘क’च्या घरात जातो, कारण तो क, हलन्त आणि ष असा साठवलेला असतो. ‘ळ’ हा ‘व’च्या आधी येतो. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ शेवटी आहेत. म्हणून मराठीचं कोलेशन निवडा, किंवा क्रमाचा रकाना स्वतः ठेवा.

तिसरा, अवतरणात अवतरण. कधीकधी आतलं जेसन बाहेरच्याला जेसन म्हणून ओळखू येत नाही, साधा मजकूर वाटतो. मग यादीऐवजी अवतरणात गुंडाळलेली लांबलचक ओळ येते, आत प्रत्येक अवतरणाआधी उलटी तिरकी रेघ. एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइटमध्ये हे सहज होतं. असं दिसलं की ॲपमध्ये दोनदा उलगडायची पळवाट काढू नका. डेटाबेसला सांगा की हे जेसन आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी जेसन_क्वेरी आहे, एसक्यूलाइटमध्ये जेसन हे फंक्शन.

चौथा, देवनागरीचं वजन. यूटीएफ-आठमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पोस्टग्रेस ती चिन्हं जशीच्या तशी पाठवतं. पण मध्ये पायथन किंवा पीएचपीनं जेसन पुन्हा तयार केलं, तर न सांगता ते प्रत्येक चिन्हाचं रूपांतर उलटी रेघ, यू आणि चार अक्षरी संकेत यांत करतं. तीनचे सहा बाइट झाले. अर्थ बदलत नाही, पण मजकूर दुप्पट होतो. ज्याच्या गावात नेटवर्कची एकच काडी दिसते त्याला हा फरक जाणवतो. दोन्ही भाषांत हे बंद करण्याचा पर्याय आहे, तो वापरा.

आता वेगाबद्दल. कंसातल्या क्वेऱ्या प्रत्येक शब्दासाठी चालतात, पण डेटाबेसच्या आतच, जाळ्यावरून ये-जा न करता. त्यासाठी एकच अट: ‘अर्थ’ आणि ‘वाक्प्रचार’मधल्या शब्द_आयडी रकान्यावर, आणि ‘उदाहरण’मधल्या अर्थ_आयडीवर इंडेक्स हवा. मायएसक्यूएलचं इनोडीबी फॉरेन कीवर इंडेक्स आपोआप करतं. पोस्टग्रेस करत नाही. तो विसरलात तर प्रत्येक शब्दासाठी अख्खं टेबल चाळलं जातं, आणि दोष मात्र जेसनला दिला जातो. पूर्ण कोश एकदम बाहेर काढायचा असेल तर उलटं करा: आधी अर्थ शब्द_आयडीनुसार ग्रुप बाय करून याद्या बनवा, तशाच वाक्प्रचारांच्या, आणि मग त्या लेफ्ट जॉइननं लावा. प्रत्येक शब्दाला प्रत्येक यादीची जास्तीत जास्त एकच ओळ, म्हणून गुणाकार नाही. तत्त्व तेच, फांदी आधी गुंडाळा, मग जोडा.

तुमचा डेटाबेस वेगळा असला तरी काळजी नको. पोस्टग्रेसमध्ये जेसन प्रकार २०१२ मध्ये आला, जेसन_ॲग २०१३ मध्ये, जेसन_बिल्ड_ऑब्जेक्ट २०१४ मध्ये. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून फॉर जेसन पाथ आहे. २०१६ च्या एसक्यूएल मानकात जेसन_ऑब्जेक्ट आणि जेसन_ॲरेॲग ही नावं आली. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये याच नावांची फंक्शनं आहेत, पोस्टग्रेसमध्ये २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपासून तीही चालतात. नावं वेगळी, बांधणी एकच.

हे कुठे वापरू नये तेही सांगतो. एका खोडाखाली हजारो पानं असतील, तर सगळं एका जेसनमध्ये कोंबू नका. तिथे वेगळं पान, वेगळी मागणी. आयडी फार मोठे असतील तर तेही मजकूर म्हणून पाठवा, कारण जावास्क्रिप्टमध्ये ९ ००७ १९९ २५४ ७४० ९९१ च्या पुढच्या पूर्णांकांचा नेमकेपणा टिकत नाही. आणि तुमच्या गटाला लांब एसक्यूएल वाचायची सवय नसेल, तर एक मधला मार्ग आहे: शब्द एका क्वेरीत आणा, त्या सगळ्या शब्दांचे अर्थ दुसऱ्या क्वेरीत, उदाहरणं तिसऱ्या, वाक्प्रचार चौथ्या, आणि प्रोग्राममध्ये आयडीनुसार जोडा. शब्द ५० असोत की ५००, क्वेऱ्या चारच. इथेही प्रत्येक फांदी वेगळीच आली. फक्त चारही क्वेऱ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, रिपीटेबल रीड पातळीवर चालवा, म्हणजे एकाच क्षणाचं चित्र मिळेल.

शेवटी तपासणी. हे काम झालं की तीन बेरजा करा. टेबलातले शब्द किती आणि जेसनमधल्या वस्तू किती? टेबलातले अर्थ किती आणि जेसनमधल्या सगळ्या अर्थ-याद्यांची एकूण लांबी किती? तसंच वाक्प्रचारांचं. जेसनमध्ये कमी भरले तर कुणीतरी गळलं, जास्त भरले तर कुणीतरी दोनदा मोजलं गेलं. आणि बेरीज जुळली तरी एक काम उरतं. ‘हात’ उघडून बघू नका, तो बरोबरच असतो. ज्याच्याखाली सगळ्यात कमी माहिती आहे असा शब्द शोधा आणि तो उघडा. उदाहरण नसलेला अर्थ, वाक्प्रचार नसलेला शब्द, बोलीतली एकुलती एक नोंद. ती नीट दिसली तर बाकीचा कोश नीट आहे असं समजायला हरकत नाही.

घरचा अभ्यास देतो. तुमच्या ओळखीची कुठलीही यादी घ्या: वाचनालयाचे सभासद आणि त्यांनी नेलेली पुस्तकं आणि भरलेली वर्गणी, किंवा भिशीचे सभासद, त्यांचे हप्ते आणि घेतलेली उचल. एक खोड, निदान दोन फांद्या. त्यात मुद्दाम असा एक सभासद ठेवा ज्यानं अजून एकही पुस्तक नेलेलं नाही. आधी सरळ जॉइन करून पाहा आणि तो कुठे जातो ते बघा. मग आजच्या पद्धतीनं लिहा.